सरमिसळ

आमरसाचं पातेलं अजून फ्रिजमधून बाहेर आलं नव्हतं, तोवर प्रेरणानं स्वयंपाकघरात येऊन मोबाइल दीपमालासमोर धरला.

"हे खरंय का, दीपा?"

दीपमाला कुरडया तळत होती. झारा बाजूला धरून तिनं वाचलं. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की जूनपासून मळ्यातल्या शाळेत अ, ब, क तुकड्या बंद. चिठ्ठ्या टाकून वर्ग पाडणार. नव्या मुख्याध्यापिकेचा पहिलाच निर्णय. खाली कुणी हात जोडले होते, कुणी कपाळाला हात लावला होता, आणि एकानं सरळच विचारलं होतं, 'दाखला कधी मिळेल?'

"खरंय, ताई. काल शिक्षकांच्या बैठकीत बोलले. आज जेवणं झाली की घरात सांगणारच होते."

"म्हणजे आधी गावाला आणि मग घराला."

"तसं नाही हो—"

"मी काल आत्याबाईंच्या सत्काराची साडी घ्यायला गुलमंडीत उन्हातान्हात फिरत होते. तेवढ्यात तू बैठक उरकलीस. नववीला इंग्रजी मी शिकवते, हे तरी आठवलं का तुला?"

"बैठकीचा दिवस आत्याबाईंनीच ठरवलेला होता, सुट्टीच्या आधीच. मी तुमची वाटही बघितली."

कढईतली कुरडई करपून गेली. दीपमालानं ती काढून कडेला ठेवली आणि मान वर केली, तोवर प्रेरणा निघून गेली होती.

दोघी जावा एकाच शाळेत शिकवायच्या. शेजूळांच्या घरी मुलगी सांगून आली की पत्रिकेच्या आधी बी.एड.चं विचारतात, अशी चेष्टा अख्ख्या मुकुंदवाडीत चालायची, आणि ती फारशी खोटी नव्हती. स्टेशनच्या पलीकडं जेव्हा नुसती शेतं होती, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांची, पुंजारामआप्पांची, धाकटी बहीण आशाबाई ऐन विशीत विधवा होऊन भावाकडं परत आली. शिकली, मास्तरीण झाली, आणि एक दिवस भावाला म्हणाली, "दादा, मला साडीचोळी नको. मळ्याचा एक कोपरा दे." त्या कोपऱ्यात शाळा उभी राहिली. पुढं मळा गेला, प्लॉट पडले, चिकलठाण्याच्या कंपन्यांतली माणसं राहायला आली, इमारती झाल्या. शाळेला मात्र लोक अजून मळ्यातली शाळाच म्हणत. सरकारी अनुदान तिनं कधी घेतलं नाही. पोरांच्या फीवर आणि आशाबाईंच्या हट्टावर ती चालत आली.

आज त्या आशाबाईंच्या निवृत्तीचं जेवण होतं. गेल्या महिन्यात संस्थेच्या सभेत त्यांना पुढच्या मुख्याध्यापिकेचं नाव विचारलं, तेव्हा सगळ्यांनी थोरल्या सुनेकडं पाहिलं होतं. आशाबाई म्हणाल्या, "दीपमाला." प्रेरणानं त्या दिवशी हसून सगळ्यांना पेढे वाटले. त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती. दीपमालाला त्याचीच भीती वाटत होती. घरात न बोललेलं कुठं जात नाही, साठत राहतं.

पंगत खालीच बसली होती. आप्पांना टेबलावर घास उतरत नसे. एका बाजूला आप्पा आणि थोरला कृष्णा, प्रेरणाचा नवरा; समोर आशाबाई, त्यांच्याशेजारी धाकटा सुदर्शन, दीपमालाचा नवरा. दीपमालाचा शिवम पहिल्या घासापासून घाईत होता. रसाची वाटी तोंडाला लावून तो शेजारी कॅरम खेळायला पळाला, ते बरंच झालं. कृष्णाची मुलगी अमृता वाढायला होती.

आप्पांनी रसात पोळी बुडवली आणि वर न बघताच विचारलं, "धाकटे, काय ऐकतोय मी? तुकड्या मोडल्या म्हनं?"

"मोडायच्या म्हणजे सरमिसळ करायची, आप्पा. प्रत्येक वर्गात सगळीच पोरं असतील. हुशार, मधली, मागं पडलेली."

"आन् मग हुशाराचं काय व्हनार?"

"तो हुशारच राहतो की."

आप्पा हसले. कृष्णा हसला नाही. तो संस्थेचा सचिव होता, शाळेच्या गाड्याही तोच बघायचा, आणि सकाळपासून त्याचा फोन थांबला नव्हता.

"दीपमाला, तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण वेळ बघ ना. ॲडमिशनचे दिवस आहेत. लोक आपल्याकडं पोरगं कशाला घालतात? आज ना उद्या अ तुकडीत बसेल म्हणून. तीच काढली तर त्यांना सांगायचं काय?"

"आणि जे क मध्ये बसतात त्यांना आपण काय सांगतो, भाऊजी?"

"त्यांना काही सांगावं लागत नाही," कृष्णा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं आमटीची वाटी उचलली.

प्रेरणा दारात उभी होती. ती शांत आवाजात बोलायला लागली, वर्गात बोलायची तशी. "बोलायला सोपं असतं. नववीला उभी राहते मी. अ मध्ये मी धडा सुरू करते आणि पोरं पुढचं विचारतात. क मध्ये मी फळ्यावर लिहिते, ती उतरवून घेतात, तास संपतो. ही दोन्ही पोरं एका खोलीत बसवली तर मी शिकवायचं कुणाला? मधल्या भिंतीला?"

"मला नेमकं तेच तुम्हाला विचारायचंय, ताई. ते मला येत नाही. तुम्हाला येईल."

"गोड बोलू नकोस, दीपा."

आप्पांनी हात वर केला. "थांबा जरा. धाकटे, मला येक सांग. आशीनं तुझ्या हातात शाळा दिली. मला वाटलं तू आता डिजिटल फळे म्हनशील, इंग्लिश मीडियम म्हनशील. ह्ये कुठून काढलंस? तुला या शाळंचं करायचंय तरी काय?"

महिनाभर दीपमाला याच प्रश्नाचं उत्तर स्वतःशी जुळवत होती. सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत ती रोज जाऊन यायची. सत्काराच्या भाषणासाठी तिनं दोनचार चांगली वाक्यं पाठही केली होती, सर्वांगीण विकास वगैरे. त्यातलं एकही आता तिला आठवेना.

"शाळा सुटली की मी फाटकाशी उभी असते, आप्पा," ती म्हणाली. "पोरं बाहेर पडतात ना, तेव्हा कोण कुठल्या तुकडीतलं ते मला पाठमोरं बघूनसुद्धा सांगता येतं. अ ची पोरं बोलत जातात. क ची ढकलाढकली करत जातात, नाहीतर भिंतीच्या कडेनं खाली बघत. हीच पोरं मी पहिलीत पाहिलीत. तेव्हा ती सगळी सारखीच रडायची, सारखीच हसायची. चालायच्या या दोन तऱ्हा त्यांना आपण शिकवल्या. मला एवढंच करायचंय, की फाटकातून बाहेर पडणारं पोर कुठल्या वर्गातलं ते मला ओळखू येऊ नये. डिजिटल फळे येतील मागाहून."

आप्पा मान हलवत राहिले. ती होकाराची होती का नुसती म्हातारपणाची, ते समजेना.

"आणि शिवम क मध्ये बसतो," प्रेरणा म्हणाली, "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

ते कधीतरी येणारच होतं. आलं एवढंच. अमृताच्या हातातला रसाचा डाव पातेल्यावर आपटला.

"आहे ना संबंध," दीपमाला म्हणाली. "जालन्याच्या लग्नात माझ्या मावसभावानं त्याला विचारलं, कितवीत रे? सहावीत. कुठल्या तुकडीत? तर म्हणाला, अ. आणि मग त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काही बोलते का म्हणून. मी नाही बोलले. मला ते बघणं सहन होत नाही, ताई. असं किती घरांत होत असेल. मला कळायला माझंच पोर लागलं, त्याला मी काय करू?"

"मग आधी शिवमला दुसऱ्या शाळेत घाल. उस्मानपुऱ्यात चांगल्या शाळा आहेत. आणि मग खुशाल तुकड्या मोड. कुणी बोट दाखवणार नाही." प्रेरणा आशाबाईंकडं वळली. "आत्याबाईंनी काय केलं होतं? एका भाच्याला अ मध्ये घातलं आणि दुसऱ्याला क मध्ये. सख्खा भाचा! आजही मुकुंदवाडीत नाव निघतं की बाईंनी घरच्यालाही सोडलं नाही."

सगळ्यांच्या नजरा सुदर्शनवर गेल्या.

---

ही गोष्ट आशाबाईंनी स्वतः कधी कुणाला सांगितली नव्हती. दुसरे सांगायचे, आणि त्या ऐकून घ्यायच्या. खोटं कशाला, बरं वाटायचं. ज्या वर्षी शाळेत पहिल्यांदा तुकड्या पाडल्या, त्या वर्षी घरातलीच दोन पोरं समोर आली: कृष्णा हुशार, सुदर्शनला अक्षरं नाचल्यासारखी दिसायची. लोक टपलेले होते. आशाबाईंनी पेपर तपासले आणि सुदर्शनचं नाव क मध्ये लिहिलं. पुन्हा शाळेवर वशिल्याचा आळ आला नाही.

सुदर्शन आता वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळी यायचा. शाळेच्या विषयात त्यानं कधी तोंड घातलं नव्हतं. आज तो ताटात बोट फिरवत म्हणाला, "शिवम कुठंही जाणार नाही, वहिनी."

"भाऊजी, मी फक्त—"

"तुमचं झालं, आता माझं ऐका. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. लग्नात, बारशात. माझ्या समोरच सांगतात लोक. बाई किती सरळ, भाच्याला क मध्ये घातलं म्हणतात. आणि मी तिथंच उभा असतो." तो हसला, पण ते हसणं कुणाच्या ओळखीचं नव्हतं. "मी आणि भाऊ घरातून बरोबर निघायचो. फाटकापर्यंत बरोबर. मग भाऊ माडीवर जायचा आणि मी पत्र्याच्या खोलीत. डबा एकाच आईनं बांधलेला. मधल्या सुट्टीत मी वर गेलो, तर भाऊचे मित्र म्हणायचे, खाली जा."

कृष्णा हळूच म्हणाला, "मी नव्हतो म्हणत."

"तू नव्हतास म्हणत. तू गप्प बसायचास." सुदर्शनच्या बोलण्यात राग नव्हता. "आत्यानं ताटात कधी फरक केला नाही. माझ्या दुखण्यात रात्र रात्र उशाशी बसलीय ती. पण मला आठवायला बसलं की आधी पत्र्याची खोली आठवते."

"लोक काय म्हनले असते, सुदर्शन?" आशाबाईंच्या तोंडून निघालं. "मी तुला वर बसवलं असतं तर?"

"लोक काही म्हणाले नाहीत म्हणून तुला बरं वाटलं, आत्या. मी स्वतःला रोज ढ म्हणत होतो."

आशाबाई उठल्या. रस ताटात तसाच होता. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी नळाखाली हात धुतले आणि जांभळाच्या सावलीत उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडं शाळेची मागची बाजू दिसत होती. आत सगळ्यांचं काहीतरी चाललं होतं. कृष्णाचा आवाज, मग आप्पांचा.

त्यांना राग आला होता. सुदर्शनचा नव्हता. राग आला होता तो या एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही न सांगितल्याचा. आणि मग त्यांना वाटलं, सांगितलं असतं तर? त्यांनी ऐकलं असतं का? दीपमाला शाळेत नवी होती तेव्हा भर बैठकीत म्हणाली होती, "बाई, हे मला पटत नाही." सगळे शिक्षक खाली बघायला लागले होते. आशाबाईंनी तिला तेव्हा गप्प केलं होतं. पण नाव सुचवायची वेळ आली तेव्हा त्यांना तेच वाक्य आठवलं. प्रेरणा शिकवायला उजवी होती, शिस्तीला उजवी होती. तिनं शाळा जशीच्या तशी सांभाळली असती. आशाबाईंना तेच नको होतं. का नको होतं, ते मात्र त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

पदराला हात पुसत त्या आत आल्या. कुणीच जेवत नव्हतं.

"दीपमाला," त्या उभ्यानंच म्हणाल्या, "मला तुझं पटलं नाय."

प्रेरणानं श्वास सोडला.

"ती अ तुकडी मी उगं नव्हती काढली. हमालाची पोरगी, सालगड्याची पोरगी. आठवी झाली की बाप पोरगा बघाया निघायचा. मी त्याला सांगायची, तुझी पोरगी अ मधी हाय. तसं म्हनलं की तो थांबायचा. ते येक अक्षर लई कामाचं व्हतं. त्याच्यावर मी किती लग्नं पुढं ढकलली, किती पोरी नर्सा झाल्या, मास्तरणी झाल्या, दोघी डॉक्टर झाल्या. ह्ये तू ध्यानात ठेव. तुझ्या सरमिसळीत माझ्या त्या पोरी हरवायला नगंत."

"नाही हरवणार, आत्याबाई."

"आता तसं म्हनशील. बघू." त्या आप्पांकडं वळल्या. "दादा, मी अ तुकडी काढली, तव्हा तुला इचारलं व्हतं?"

"नाय."

"याला क मधी घातलं, तव्हा याच्या आईला इचारलं व्हतं?"

आप्पांनी नुसती मान हलवली. ती आता नव्हती. पण तेव्हा कितीतरी दिवस ती नणंदेशी बोलली नव्हती, ते दोघांनाही आठवलं असावं.

"घरानं शाळा बांधली. पन घरानं ती कधी चालवली नाय. मी चालवू दिली नाय. शाळा पंगतीत बसून चालवायची नसती. आता हिच्या हाती दिलीय, तर ही चालवंल. चुकली तर चुकली. मीबी काय सगळं बरोबरच केलं, असं नाय."

बोलता बोलता त्या सुदर्शनच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुदर्शननं वळून पाहिलं नाही, पण तो सरकलाही नाही.

आप्पांनी गळा खाकरला. "मंग झालं. जिची खुर्ची, तिचा निकाल."

"ठीक आहे," प्रेरणा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "शाळेचं तिनं ठरवावं. माझ्या मुलीचं मी ठरवणार. अमृता जूनपासून उस्मानपुऱ्याला जाईल."

"प्रेरणा, अगं—" कृष्णा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. गप्प बसायची सवय आहे तुम्हाला."

---

अमृताला कुणी विचारलंच नव्हतं. ती खरकटी ताटं उचलून मागं घेऊन गेली. दीपमाला घासायला बसली होती. कामवाल्या मावशी सुट्टीवर होत्या.

"काकू, मी पण विसळते."

अमृता लहान असताना काकूच्याच कुशीत झोपायची. आईची नोकरी आधीची, काकू तेव्हा नवी नवरी होती. आठवीत ती अ मध्ये पहिली आली, तेव्हा काकूनं तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि दोघी पडल्या होत्या.

"काकू, मी मेहनत केली होती ना?"

"केली होतीस. मी बघितलीय."

"पहाटे उठून. आजारी असताना पण. मग आता ते सगळं काढून का घेतेस?"

दीपमालानं हात थांबवला. "तुझे मार्क तुझेच आहेत, अमू. तुझा नंबर तुझाच. तो कोण काढून घेणार? पण शेजारी कोण बसणार, हे बक्षीस नसतं गं. आपण उगाच ते बक्षीस करून ठेवलंय."

अमृतानं विचार केला. ते बरोबर असेल, असं तिला वाटलं. पण बरोबर वाटलं म्हणून आतून बरं वाटलं नाही. "क मधली मुलं आम्हाला पुस्तकी किडा म्हणतात. तीच आता शेजारी बसणार."

"बसतील. म्हणतीलही. ते लगेच थांबेल, असं मी तुला सांगणार नाही."

"आणि आईला हेड व्हायचं होतं. तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"तू नाही म्हणू शकली असतीस."

नळाचं पाणी ताटलीवरून वाहत राहिलं. "शकले असते," ती म्हणाली. "पण मलाही हवं होतं, अमू. खूप हवं होतं. वाईट नाही वाटत त्याचं. ताईंचं वाईट वाटतं."

काकू खोटं बोलली नाही, याचं अमृताला बरं वाटलं. तिनं शेवटचं ताट पालथं घातलं आणि उभी राहिली.

"मी उस्मानपुऱ्याला जाते."

"तुला जायचंय?"

"नाही. पण आज सगळे तुझ्या बाजूनं बोलले. काका, आशाआजी, आप्पा. बाबा पण मनातून तुझ्याच बाजूनं आहेत. आईच्या बाजूला कुणीतरी पाहिजे ना."

दीपमालानं ओल्या हातानंच तिला जवळ घेतलं. अमृतानं घेऊ दिलं; मग डोळे पुसून ती आईच्या खोलीत गेली.

---

जूनच्या मध्यात शाळा उघडली. सकाळी कृष्णानं अमृताला मोटारसायकलवर बसवलं. नवा गणवेश तिला खांद्यात सैल होत होता. प्रेरणानं तो नीट केला, आणि मोटारसायकल स्टेशनच्या वळणाला गेल्यावरही ती दारात उभी राहिली. मग पर्स घेऊन उलट्या दिशेनं शाळेकडं निघाली.

राजीनाम्याचा विचार तिनं सुट्टीत केला होता. कृष्णाला बोलूनही दाखवला. तो म्हणाला, "दे. पण मग तू दिवसभर करशील काय?" शिकवण्याशिवाय तिला दुसरं काही करावंसं कधी वाटलंच नव्हतं. दीपमाला दोनदा तिच्या खोलीत येऊन गेली होती, वेळापत्रक दाखवायला. पहिल्यांदा प्रेरणानं मान वळवली. दुसऱ्यांदा म्हणाली, "इंग्रजीचा तास जेवणानंतर ठेवू नकोस, पोरं पेंगतात." एवढंच. दीपमालानं तास सकाळी घेतला.

माडीवरच्या दाराशी ती थबकली. 'नववी अ' ही जुनी पाटी काढली होती. तिथं नवी होती: 'नववी, प्रेरणाबाईंचा वर्ग'. सगळ्याच वर्गांना आता वर्गशिक्षकांची नावं दिली होती, हे तिनं ऐकलं होतं. दारावर स्वतःचं नाव बघणं वेगळं होतं.

काही मुलं शाळा सोडून गेली होती. कृष्णाला वाटलं होतं तितकी नाही, दीपमालाला वाटलं होतं त्याहून जास्त. वर्गात पाऊल टाकताक्षणी प्रेरणाला कळलं, आपण म्हणत होतो ते खरंय. चिठ्ठ्या टाकून पोरं एका खोलीत आली होती, पण पुढच्या बाकांवर जुनी अ आणि तिला चिकटून ब होती आणि मागच्या बाकांवर जुनी क. मधले दोन बाक रिकामे होते, जणू भिंतच उभी आहे. तिला क्षणभर समाधान वाटलं. हे दीपाला दाखवायला हवं, असंही वाटलं.

मग तिनं मागच्या पोरांकडं पाहिलं. ती वह्या उघडून, पेनं हातात धरून बसली होती. बाई फळ्यावर लिहितील आणि आपण उतरवून घ्यायचं, या तयारीत. तास सुरू व्हायच्या आधीच त्यांनी तो संपवला होता.

"उठा," ती म्हणाली. "सगळे. दप्तरं उचला."

गडबड उडाली. तिनं एकेकाचं नाव घेऊन बसवायला सुरुवात केली, एक इकडचा, एक तिकडचा. मागच्या कोपऱ्यातली एक मुलगी जागची हलेना. सुकेशनी. तिचे वडील बिरू मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ रानोमाळ असायचे. ती इथं आजी बानाबाईकडं राहून शिकत होती. सातवीपासून ती क मध्ये होती, आणि प्रेरणानं तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"बाई, मी हितंच बरी हाय."

"बरी-बिरी काही नाही. ये पुढं."

ती आली आणि बाकाच्या अगदी टोकाला बसली. शेजारच्या मुलीनं दप्तर जरा ओढून घेतलं. प्रेरणानं ते पाहिलं.

"पुस्तक काढा. पहिला धडा. सुकेशनी, तू वाच."

सुकेशनी उभी राहिली. पहिला शब्द आला. दुसरा तिनं तीन तुकड्यांत म्हटला, चुकला, पुन्हा म्हटला. समोरच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसणं पुढच्या रांगेत पसरलं.

पुस्तक टेबलावर आपटलं, तसा सगळा वर्ग दचकला.

"कोण हसलं?" प्रेरणाचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "ज्याला हसायचंय त्यानं बाहेर जायचं. दुसऱ्या कुणाच्याही वर्गात जाऊन बसा, जा. माझ्या वर्गात कुणी वाचत असेल तर बाकीचे ऐकतात. कळलं?"

दीपमाला त्या वेळी व्हरांड्यातून चालली होती. तिनं ऐकलं, आणि न थांबता पुढं गेली.

वर्ग चिडीचूप झाला. प्रेरणानं खुर्ची ओढली नाही, फळ्याकडं वळली नाही, घड्याळाकडं पाहिलं नाही. ती सुकेशनीच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली.

"चल. पुढचा शब्द. घाई नाही मला."

सुकेशनीनं बोट ओळीवर ठेवलं. शब्दामागून शब्द, अडत, ठेचकाळत, ते वाक्य पुढं सरकायला लागलं. लांबलचक वाक्य होतं. प्रेरणा पूर्णविरामाची वाट बघत उभी राहिली.